कुंडलिकेचा गाळ

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा चमचे जास्त होते. प्लास्टिकचे, कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडून मागून आणलेले. नदीतला गाळ स्टीलच्या चमच्यानं उचलला तर चमच्याचंच लोखंड नमुन्यात उतरतं आणि मग आपण उगाच नदीच्या नावानं बोटं मोडत बसतो. चमच्यांखाली जाड पिशव्या, पिशव्यांखाली नायलॉनची चाळणी आणि सगळ्यात खाली, दोन जुन्या साड्यांत गुंडाळलेलं, विद्यापीठातल्या मैत्रिणीकडून सहा दिवसांच्या बोलीवर आणलेलं यंत्र. ते गाळावर टेकवून घोडा दाबला की मिनिटाभरात त्यात कोणता धातू किती आहे ते पडद्यावर उमटतं. दिसायला थेट पिस्तूल.

"चिखलच आणायचा तर जालन्यापर्यंत कशाला?" नवऱ्यानं रिक्षात बॅग ठेवता ठेवता विचारलं. "मुठा आटली का?"

मुठेचा चिखल मी दहा वर्षं उपसतेय. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टी लागली की नदीत उतरते. लोकांना नदीचं पाणी दिसतं, मला त्याखालचं दिसतं. पाणी आज आहे, उद्या पुढच्या गावाला गेलं. गाळ मात्र बसून राहतो आणि वरून जे जे आलं ते धरून ठेवतो. जालना म्हणजे लोखंडाच्या सळयांचं गाव, मधून वाहणारी कुंडलिका आणि खाली सगळा काळा खडक. असं गाव मी अजून पाहिलं नव्हतं याची मला कित्येक वर्षं चुटपुट होती. रिक्षा निघाली तेव्हा मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं, आणि माझं वय पन्नाशीला टेकलंय.

गाडी जालन्याला पोचली तेव्हा दुपार कलली होती, पण मे महिन्याचं ऊन काही कललं नव्हतं. स्टेशनबाहेर वैशाली स्कूटी घेऊन उभी होती. आम्ही दोघी एकाच वसतिगृहात राहिलो. ती आता इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या घराण्याच्या चार पिढ्या याच गावात गेल्या. आधी शेतीवाडी, मग कचेरी, आता प्राध्यापकी.

"मंजू, एवढी जड बॅग? काय सळया नेतीस का आणतीस?" तिनं विचारलं.

"चमचे आहेत."

"चमचे माझ्या घरी बी आहेत गं. चल जल्दी, टाळू तापून राह्यली."

रस्त्यात सळयांनी भरलेला एक ट्रक आमच्यापुढे होता. सळयांची टोकं पाठीमागे हातभर बाहेर आलेली आणि त्यांना धोक्याची खूण म्हणून एक लाल ब्लाउजपीस बांधलेला. मी वैशालीच्या खांद्यावरून मान काढकाढून बघत होते. तिला त्यात काही नवल नव्हतं. रात्री तिनं येसर (धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ) घालून आमटी केली होती. ज्वारीची भाकरी कुस्करून ती मी इतकी खाल्ली, की तिच्या नवऱ्यानं शेवटी पाण्याचा तांब्याच माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट उपमा) खाऊन आम्ही दोघी नदीवर गेलो. शहराच्या वरच्या अंगाला दोन ठिकाणी, मग पुलाजवळ, मग खाली. दर ठिकाणी मी साडीचा काचा मारून पाण्याच्या कडेला उतरायची, चमच्यानं वरचा बोटभर गाळ उचलायची आणि वैशाली पिशवीवर जागा लिहायची. पुलाजवळचा गाळ काळाभोर, हाताला लोण्यासारखा मऊ. मी आनंदानं ओरडलेच. काठावरून जाणाऱ्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "काय घावलं हो?" गाळ, म्हटलं. ते पुढे चालू लागले.

चौथ्या ठिकाणी मला कौसाबाई भेटल्या.

शहर संपतं तिथं नदीच्या कोरड्या कडेनं एक बाई वाकून चालत होत्या आणि त्यांच्यामागे दोरीला बांधलेलं काहीतरी भुईवरून घसटत येत होतं. लांबून मला वाटलं शेळीचं करडू आहे. जवळ गेल्यावर दिसलं, जुन्या भोंग्यातलं बशीएवढं लोहचुंबक, आणि त्याच्या अंगावर काळ्या काट्यांची दाट लव. दहा-बारा पावलं झाली की बाई थांबायच्या, ती लव पदराच्या टोकानं निपटून कमरेच्या पिशवीत टाकायच्या आणि पुन्हा ओढायला लागायच्या.

"काय गोळा करता?" मी विचारलं.

"लोखंडाचा चुरा. मिलच्या रस्त्यानं बी ओढते, पर तिकडं बाया लई झाल्या. भंगारवाला घेतो." त्यांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "तुम्ही काय करून राह्यल्या? पोलिसातल्या हाय का?"

मी यंत्राचं काम समजावलं. एरवी मला हे सांगायला अर्धा तास लागतो. कौसाबाईंना अर्ध्या मिनिटात कळलं. त्यांनी चुंबक उचलून माझ्यापुढे धरलं. "मंजी ह्याच्यावाणीच. फकस्त माझं लोखंडच पकडतं, तुमचं समदंच पकडतं."

पंचवीस वर्षांच्या शिकवण्यात मला इतकं सुटसुटीत वाक्य सुचलं नव्हतं. मी वैशालीकडे बघितलं, तर ती हसत होती.

"मंग बाई, एक काम करा," कौसाबाई म्हणाल्या. "तुमची बंदूक आमच्या गाळाला लावा. तिकडं माझं आन् मालकाचं भांडण चालू हाये."

त्यांचं शेत तिथून खाली, चालत अर्ध्या तासावर. दोन एकर. एका बाजूला चार मेंढ्या बांधलेल्या, कडुनिंबाखाली खोपटं आणि बांधाच्या कडेला घराएवढा काळा ढीग. मार्च महिन्यात शहरातल्या नदीचं पात्र खोल करण्याचं काम निघालं होतं. ज्याला हवा त्यानं गाळ न्यावा, असं ठरलं. कौसाबाईंचे यजमान धोंडिरामभाऊ यांनी ट्रॅक्टर लावून गाळ आणला. मराठवाड्यात गाळ म्हणजे रानाचं सोनं. तळ्याचा, ओढ्याचा गाळ उन्हाळ्यात शेतात पसरायचा आणि पुढची चार वर्षं बरकत खायची, ही इथली जुनी चाल. फक्त हा गाळ तळ्यातला नव्हता, भर शहरातून आलेला होता.

धोंडिरामभाऊ साठीचे, उंच, डोक्याला लाल मुंडासं. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि मोसंबी कापून दिली.

"हिला येड लागलं," ते म्हणाले. "गाळाला चुंबक लावती आन् म्हणती लोखंड हाये. अगं, काळ्या मातीत लोखंड राहतंच. आपल्या रानाला लाव, तिथं बी चिकटन."

"रानाला थोडं चिकटतं. गाळाला लई चिकटतं," कौसाबाई म्हणाल्या.

"मंग लोखंडानं काय व्हतं? पालक खाऊन लोक रगत वाढवतेत ना?"

भांडणात मला दोघांचंही खरं वाटत होतं आणि ते फार मजेचं होतं. धोंडिरामभाऊंनी मला ढिगाजवळ नेलं. त्यांचं रान मुरमाड (खालून भुसभुशीत खडक लागणारं, पातळ मातीचं). कुदळ मारली की वितीवर खडक वाजतो. ते धनगराचे. वडिलांचा दीडशे मेंढरांचा वाडा होता. उन्हाळाभर लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, रात्रभराचं लेंडीखत त्या शेताला मिळायचं, बदल्यात धान्य.

"बापानं जिंदगीभर दुसऱ्याची रानं पिकवली," धोंडिरामभाऊ म्हणाले. "आपलं रान मंग घेतलं, तवर मेंढरं सरली. ह्या रानाला आजपतोर कोणी काही घातलं न्हाई, बाई. हे पयल्यांदा. हिला इथं मेथी-कोथमीर लावायचीये, नातवंडं यायच्या आधी." त्यांनी ढिगावर थोपटलं. "उद्या दोन वाजता ट्रॅक्टरवाला येऊन राह्यला. एका दिवसात पसरून टाकतो."

मी यंत्र काढलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून ढिगावर सकाळीच पाणी मारलेलं होतं. मी कडेचं एक ढेकूळ सपाट केलं, यंत्र टेकवलं, घोडा दाबला. चौघांनी पडद्यात डोकं घातलं. लोखंड भरपूर, ते काळ्या खडकाच्या मुलखात असणारच. मी बघत होते शिसं आणि जस्त. शिसं शेतजमिनीच्या मर्यादेच्या जरा खाली. जस्तही काठावर, पण आत.

"पास झाला," मी म्हणाले. आणि वर काळ्या खडकाबद्दल, लाव्हाबद्दल, त्यातल्या चुंबकाला चिकटणाऱ्या कणांबद्दल छोटंसं व्याख्यानही दिलं. "भाऊंचं बरोबर आहे. चुंबकाला चिकटलं म्हणजे गाळ वाईट, असं नसतं."

धोंडिरामभाऊंनी मुंडासं सारखं केलं आणि बायकोकडे पाहिलं. कौसाबाईंनी माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली, ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि आतला गाळ काढून पिशवी भरली. "वरचं न्हाई, हे न्या. सावकाशीनं बघा." मग आपलं जुनं, लहान चुंबकही त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी दोन्ही बॅगेत टाकलं. खरं सांगायचं तर पिशवी त्यांचा मान राखायला घेतली होती.

सगळं तिच्यासमोरच घडलेलं, तरी त्या रात्री मी वैशालीला झोपू दिलं नाही. काय भांडण होतं, काय चुंबक होतं, आणि कसा मी निकाल दिला. ती जांभया देत हो ला हो करत होती.

तिसऱ्या दिवशी वैशालीला परीक्षेचं काम होतं, म्हणून मी एकटीच केदारखेड्याला निघाले. शहरातल्या गाळात धातू किती वाढले हे सांगायचं, तर त्याच काळ्या खडकातली, पण शहर न बघितलेली नदी तुलनेला लागते. केदारखेड्याला पूर्णा आहे. काळी-पिवळी जीपमध्ये माझ्या मांडीवर बॅग, बॅगेवर एका आजीची कोंबडीची टोपली. राजूर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना नांगरून उन्हात तापत ठेवलेली काळी रानं लागली, मध्येच मोसंबीची हिरवी चौकोनी बाग, पुन्हा काळं रान. सरकी (कपाशीचं बी) लावायला सगळे आभाळाकडे बघत होते. आजी मला म्हणाल्या, "नदीवर काय काम? पाणी न्हाई तिला आत्ता."

"मला खालचं हवंय."

"मंग हाये," आजी म्हणाल्या.

पूर्णेच्या पात्रात डबकी उरली होती आणि त्यांच्या कडेला ओली, स्वच्छ रेती आणि मऊ गाळ. मी चप्पल काढून उतरले. पुलाच्या सावलीत म्हशी बसल्या होत्या. पहिली गोष्ट मी केली ती ही, की कौसाबाईंचं चुंबक गाळावरून ओढलं. उचलून बघते तर त्याच्यावर काळी लव. इथे गिरणी नाही, भंगार नाही, सळई नाही, तरी लव. धोंडिरामभाऊ जिंकले होते. मी तिथल्या तिथे त्या चुंबकाचा फोटो काढला.

मग ओल्या गाळावर यंत्र टेकवलं. शिसं अगदी कमी. मी तो गाळ दोन कागदांवर पातळ पसरून एका काळ्या दगडावर उन्हात ठेवला आणि भाकरी सोडून बसले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तेवढ्यात एक शेळी आली आणि तिनं माझ्या एका नमुन्याखालचा कागद खाल्ला. नमुना दगडावर सांडला तो सांडलाच. दुसरा कागद वाचवून मी वाळलेला गाळ चाळला आणि पुन्हा यंत्र टेकवलं.

आकडा वाढला होता. जवळजवळ दीडपट.

भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला. तोच गाळ, तीच जागा. फक्त मघाशी ओला होता, आता कोरडा. ओल्या गाळात तिसरा हिस्सा पाणीच असतं आणि यंत्र पाण्यासकट मोजतं, त्यामुळे दुधात पाणी घातल्यासारखा सगळा आकडा पातळ होतो. ही गोष्ट मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला पहिल्या तासाला सांगते. गाळ वाळवा, चाळा, मग मोजा. फळ्यावर लिहून देते. आणि काल तीन माणसांच्या पुढे, भांडणाच्या भरात, पाणी मारलेल्या ढिगाच्या कडेचं एक ढेकूळ मोजून मी 'पास झाला' म्हणाले होते.

कौसाबाईंची पिशवी बॅगेत होती. मी तो गाळ पातळ पसरला. ऊन असं होतं की अर्ध्या तासात त्याची पावडर झाली. या वेळी शेळीला मी काठी घेऊन लांब ठेवलं. चाळला. यंत्र टेकवलं. शिसं मर्यादेच्या पुष्कळ वर. जस्त त्याहून वर. पूर्णेच्या गाळाशेजारी ठेवलं तर कितीतरी पट. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. हे शिसं कुठल्या कारखान्याचं, कुठल्या गॅरेजचं, कुठल्या वस्तीचं हे गाळ सांगत नाही. पण मेथीच्या मुळाशी ते जाऊ नये एवढं मला नक्की सांगता येत होतं.

घड्याळात साडेबारा. ट्रॅक्टर दोनला येणार होता. धोंडिरामभाऊंचा फोन नंबर मी घेतलाच नव्हता. वैशालीला लावला, तर तो परीक्षेमुळे बंद. मी ओल्या पायांनी चप्पल घालून रस्त्यावर पळाले. जीप उभी होती, पण अर्धी रिकामी आणि भरल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"चला हो," मी ड्रायव्हरला म्हणाले. "फार घाई आहे. राहिलेल्या सीटांचं मी बघते."

"पेशंट हाये का बाई?"

"नाही. गाळ आहे."

त्यानं माझ्याकडे, मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी एका दमात सगळं सांगितलं. मागच्या सीटवरचे दोन शेतकरी पुढे वाकून ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "घे रे, काढ गाडी. खायच्या रानाचा सवाल हाये." ड्रायव्हरनं चावी फिरवली. "गाळासाठी एवढी जल्दी आज पयल्यांदाच पाह्यली," तो म्हणाला, पण गाडी त्यानं जोरात काढली. राजूरला तो थांबलासुद्धा नाही.

जालन्यातून रिक्षा करून शेताच्या बांधावर पोचले तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज लांबूनच आला. तो वेळेआधीच आला होता, अर्धा ढीग पसरून झाला होता. तपकिरी मुरमाड रानावर काळ्या गाळाचा गुळगुळीत पट्टा पडला होता आणि धोंडिरामभाऊ त्याच्या कडेनं हात मागे बांधून चालत होते. त्यांचा चेहरा इतका समाधानाचा होता की मला पाय उचलवेना.

मी हात हलवले. ट्रॅक्टर थांबला.

"भाऊ, काल मी चुकले. गाळ चांगला नाही."

"काल तर पास म्हणल्या."

"ओला मोजला मी. वाळवून मोजायला पाहिजे होता. मला माहीत होतं, तरी मोजला. कौसाबाईंनी दिलेला वाळवून बघितला. त्यात शिसं आहे. पालेभाजीत उतरेल, लहान मुलांच्या पोटात जाईल. पसरू नका."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. धोंडिरामभाऊ उकिडवे बसले, गाळ मुठीत घेतला आणि हुंगला. "वास तर चांगला येऊन राह्यला," ते म्हणाले, कोणालाच नाही. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. कौसाबाई खोपटातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. 'मी म्हणत होते ना' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. "पयले पाणी प्या," त्या मला म्हणाल्या. "चेहरा पाहा कसा झाला." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

थोड्या वेळानं धोंडिरामभाऊंनी विचारलं, "मंग ह्याला न्यायचं कुठं?"

त्यांनी मूठ उघडून गाळ खाली सोडला.

"परत नदीत टाकू?"

"नको. खालची गावं पितात."

"रस्त्याच्या कडंला?"

"वाऱ्यानं उडेल. पावसानं कोणाच्या तरी शेतात जाईल."

"मंग?"

दहा वर्षं मी गाळ मोजतेय, कुठे किती ते सांगतेय, आणि हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. शेवटी म्हणाले, "आत्ता निदान रानावरचा परत गोळा करू. एका जागी, झाकून. पुण्याहून पक्का निकाल येईपर्यंत."

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. ट्रॅक्टरनं पट्टा उलटा ओढायला सुरुवात केली, पण कुठे गाळ संपतो आणि कुठे रान सुरू होतं ते फाळाला कळत नाही. तेव्हा कौसाबाईंनी चूल पेटवली. मी पावलापावलावरची चिमूट उचलायची, त्यांनी ती टाकून दिलेल्या जुन्या तव्यावर भाजून कोरडी करायची, मी मोजायचं. आकडा रानाच्या आकड्याइतका उतरला की त्या पळत जाऊन तिथे तुराटी (तुरीची वाळलेली काडी) रोवायच्या. पंधराव्या चिमटीनंतर मला पडदा वाचायची गरजच उरली नाही. त्याच मान वाकवून सांगायच्या, "हे न्हाई झालं अजून. अजून बोटभर." मध्ये एकदा तवा इतका तापला की चिमूट फुटाण्यासारखी उडाली आणि आम्ही दोघी हसलो. वैशाली परीक्षा आटोपून, माझे फोन बघून घाबरून आली, आणि पदर खोचून तुराट्या तोडायला बसली. ऊन उतरेपर्यंत रानात तुराट्यांची एक वेडीवाकडी रांग उभी होती. तिच्या आतलं रान जसं होतं तसं परत मिळालं होतं. मात्र गाळाबरोबर वरची थोडी मातीही खरवडून गेली होती. आधीच पातळ रान, ते आणखी पातळ झालं. धोंडिरामभाऊ ते बघत होते.

निघताना मी त्यांचा फोन नंबर घेतला. धोंडिरामभाऊ बांधापर्यंत आले. "तुम्ही परत आल्या, हे बराबर केलं," ते म्हणाले. "बाकी कोणी परत येत न्हाई."

परतीच्या गाडीत बॅग जाताना होती त्याच्या दुप्पट जड होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, मोसंबी का? मी हो म्हणाले. सगळा प्रवास मी खिडकीतून बघत होते आणि आतून मला आनंदही होत होता, हे कबूल करायला हवं. चुकीचं मोजणं वेळेत सापडलं होतं, पूर्णा सापडली होती, आणि मला हव्या त्या नमुन्यांपेक्षा कितीतरी चांगली माणसं भेटली होती. पण धोंडिरामभाऊंचा 'कुठं?' सोबतच होता. माझ्या अहवालाच्या तक्त्यात जागा, खोली, धातू, सगळ्यांचे रकाने आहेत. उपसलेला गाळ न्यायचा कुठे, त्याचा रकाना नाही. त्या रात्री घरी पोचून मी नवऱ्याला गाळाचं सगळं सांगितलं, तो रकाना तेवढा सांगता आला नाही.

प्रयोगशाळेचा निकाल यायला तीन आठवडे लागले. तव्यावर भाजलेल्या चिमटीनं सांगितलं होतं तेच निघालं. मी फोन केला. तोवर तिकडे पाऊस पडून गेला होता. कौसाबाईंनी ऐकून घेतलं, "मंग खरंच निघालं का," एवढंच म्हणाल्या, आणि फोन यजमानांकडे दिला.

"रानात सरकी टाकली," धोंडिरामभाऊ म्हणाले. "मोड बरा हाये."

"आणि ढीग?"

"तिथंच. वरून ताडपत्री, भवताली बांध घातला, पाणी वाहू नये म्हणून." मग म्हणाले, "वरच्या अंगाचा एक जण आल्ता. फुकट नेतो म्हणला, ट्रॅक्टर बी त्याचाच."

"मग? त्यांना सांगितलंत, त्यात काय आहे ते?"

"सांगितलं ना. तो म्हणला, मला चालतं. मला भाजी इकायचीये, खायची न्हाई."

फोनमध्ये मागे कुठेतरी मेंढी ओरडली.

"म्हणून न्हाई दिला," धोंडिरामभाऊ म्हणाले. "जागा अडून राह्यली, सरकीच्या आठ-दहा ओळी कमी बसल्या. बसू द्या."